बल्ब : गावाचा व्होल्टमीटर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या घरांतून तारेचा पिवळा बल्ब आता जवळजवळ गेलाच आहे. दुकानात मागितला तर दुकानदार विचारतो, 'कोंबडीच्या पिलांसाठी पाहिजे का?' पिलांना ऊब देण्यासाठी तो अजून वापरतात. हा प्रश्न ऐकून हसू येते खरे, पण बल्बचे सगळे शास्त्र त्यात आले. हा दिवा मुळात ऊब देणाराच. उजेड ही त्याची जोडकमाई!

बल्बच्या आत टंगस्टन धातूची केसाहून बारीक तार असते. स्प्रिंगसारखी वळवलेली ही तार उलगडली, तर हातभराहून लांब भरते. तिच्यातून वीज गेली की ती सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापते आणि प्रकाशू लागते. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल, मग पिवळे दिसते, तोच हा प्रकार. मात्र शंभर भाग वीज घेतली, तर त्यातले जेमतेम पाच-दहा भाग उजेडाचे. बाकी सगळी उष्णता. घरात शंभर वर्षे आपण दिवा म्हणून एक छोटी शेगडीच टांगत आलो.

एडिसनने १८७९ साली कोळशाच्या तंतूचा टिकाऊ दिवा करून दाखवला. इंग्लंडात जोसेफ स्वान त्याच सुमारास याच वाटेवर होता. १९१० च्या सुमारास कूलिज या अमेरिकन शास्त्रज्ञाने ठिसूळ टंगस्टनची बारीक तार ओढण्याची युक्ती काढली. १९१३ साली लँगम्यूरने काचेच्या गोळ्यात निष्क्रिय वायू भरला. त्यामुळे तापलेल्या तारेची झीज मंदावली. पुढे आपण वापरला तो बल्ब इथे तयार झाला.

मुंबईला विजेचा दिवा फार लवकर दिसला. १८८२ साली क्रॉफर्ड मार्केट विजेने उजळले. १९१५ मध्ये टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि गिरण्यांना वीज मिळू लागली. इकडे आपला वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्याला जोडला गेला होता. तो पुन्हा जिल्हा झाला १९९८ साली. मधल्या काळात खेड्यांतली संध्याकाळ चिमणी, कंदील आणि लग्नकार्यात भाड्याने आणलेली बत्ती यांवरच भागत होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, साठीच्या दशकात शेजारी पारसला औष्णिक केंद्र उभे राहिले आणि हळूहळू गावोगाव खांब पोचले. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेत गरीब कुटुंबांना एका दिव्याची जोडणी मिळू लागली. अशा घरात स्वयंपाक, अभ्यास आणि आजारपण या सगळ्यांना मिळून एकच बल्ब!

त्या एका बल्बचा उजेड कसा होता? मी शाळेत विज्ञान शिकवत असे. रब्बीच्या दिवसांत, गहू-हरभऱ्याला पाणी सुरू झाले की, गावाच्या टोकाच्या वस्तीतली मुले सांगत, 'सर, लाईट होती, पण अक्षर दिसत नव्हते.' मुले खोटे बोलत नव्हती. एकाच डीपीवर विहिरींचे पंप चालू झाले की दाब खाली येई, आणि डीपीपासून जितके लांब घर तितका तो अधिक पडे. ठरलेला दाब २३० व्होल्ट. नियमाने त्यात सहा टक्क्यांपर्यंत चढ-उतार चालतो. तो १८० वर आला तर ६० वॅटचा बल्ब वीज घेतो साधारण ४० वॅट, म्हणजे दोन-तृतीयांश. उजेड मात्र निम्म्याहूनही कमी देतो. तार थोडी निवली तरी उजेड झपाट्याने घटतो, कारण उरते ती बहुतेक न दिसणारी उष्णता. गावाच्या मध्यावरचा आणि टोकाचा माणूस युनिटला दर एकच देत होते, पण टोकाच्या घराला त्या पैशात उजेड कमी मिळत होता. आणि गावाच्या टोकाला वस्ती कोणाची असते, हे आपल्याला ठाऊक आहे.

याच्या उलट गंमत आयुष्याची. दाब पाच टक्के वाढला तर बल्बचे आयुष्य निम्म्यावर येते, पाच टक्के घटला तर जवळपास दुप्पट होते. मध्यरात्री पंप बंद झाले, दाब २५० वर गेला की आयुष्य तिसऱ्या हिश्शावर! म्हणून मिणमिणता बल्ब वर्षानुवर्षे टिके आणि लख्ख जळणारा उडून जाई. अमेरिकेतल्या लिव्हरमोर गावी अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून जळतो आहे, पण त्याचा उजेड रात्रीच्या छोट्या दिव्याइतकाच. १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी जिनिव्हात संघ करून आयुष्य हजार तासांवर बांधले आणि जास्त टिकणारे बल्ब करणाऱ्या सभासदांना दंडही केला. त्यात नफ्याचा हिशेब होताच. पण तार निवत ठेवली तर बल्ब टिकतो आणि तापवली तर उजळतो, ही अडचण मात्र खरी होती.

बल्ब बहुधा बटन दाबतानाच का उडतो? थंड तारेचा विरोध तापलेल्या तारेच्या दहा-पंधरा पटीने कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी विजेचा मोठा लोंढा येतो. जळता जळता तारेतून टंगस्टन उडत असते, काचेवर दिसणारी काळी छटा त्याचीच. जिथे तार बारीक झाली तिथे ती अधिक तापते, म्हणून आणखी झिजते आणि एक दिवस त्या लोंढ्यात तुटते. उडालेला बल्ब हलवून तुटकी टोके चिकटवण्याची युक्ती अनेक घरांत चाले. असा बल्ब पूर्वीपेक्षा लख्ख लागे, कारण तार आखूड होऊन जास्त वीज ओढे. म्हणूनच तो चार दिवसांत पुन्हा जाई.

एलईडीत तापणारी तारच नाही. अर्धवाहकाच्या कणातून वीज जाताना थेट प्रकाश निघतो. निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. निळ्या प्रकाशावर पिवळ्या द्रव्याचा लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. ६० वॅटच्या बल्बचे काम ९ वॅटमध्ये होते. रोज पाच तास धरले तर वर्षाला सुमारे ११० युनिटांऐवजी १६ युनिट. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. एका दिव्याच्या घराला याहून मोठी भेट कुठली?

एलईडीही जातो, पण बहुधा त्याचा प्रकाशकण नव्हे. बुडाशी असलेले इलेक्ट्रॉनिक सर्किट उष्णतेने किंवा दाबाच्या झटक्याने जाते. खोक्यावर छापलेले हजारो तास सगळ्यांच्या वाट्याला येत नाहीत, ते यामुळे. पण हे सर्किट आणखी एक काम करते. दाब १८० असो की २४०, चांगल्या दिव्याचा उजेड ते सारखाच ठेवते. टोकाच्या घरातल्या मुलाला आता अक्षर दिसते, ही आनंदाची गोष्ट आहे.

मात्र पिवळा बल्ब दाब पडला की लगेच सांगत असे. साऱ्या गावाला फुकटात मिळालेला तो व्होल्टमीटर होता. तो गेला, पण दाबाची दुखणी सगळीकडची गेली नाहीत. कमी दाबाने पंपाची मोटार जळते, फ्रिजचा कॉम्प्रेसर जातो आणि छतावरचा दिवा मात्र शांतपणे उजेड देत राहतो. म्हणून दिवा नीट लागतो एवढ्यावर विसंबू नये. पंपाच्या पेटीवर व्होल्टमीटर असतो, तो रोज पाहावा. वस्तीच्या शेवटच्या घरातला दाब संध्याकाळी एकदा मोजून घ्यावा, आकडा तारखेसह लिहून ठेवावा आणि तक्रार करताना तोच पुढे करावा. पूर्वी 'उजेड कमी आहे' एवढे सांगणे पुरत असे. आता आकडा लागतो.