विश्लेषण : लाल रक्तावर लाल रेघ दिसते कशी? मलेरियाच्या रॅपिड टेस्टची पट्टी नेमकं काय करते?

गडचिरोलीतल्या एखाद्या टोल्यावर कुणाला ताप आला की आशाताई पिशवीतून एक छोटं किट काढतात. बोटाला टोचून थेंबभर रक्त, दुसऱ्या खाचेत बफरचे काही थेंब आणि पंधरा-वीस मिनिटांची वाट. मायक्रोस्कोप नाही, वीज नाही, लॅब तर नाहीच. फाल्सिपेरम मलेरिया असेल तर उपचाराला झालेला एक-दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेतू शकतो, म्हणून या पट्टीच्या उत्तरावर बरंच काही अवलंबून असतं. देशाच्या मलेरिया कार्यक्रमात २०१३ पासून फाल्सिपेरम आणि वायवॅक्स हे दोन्ही प्रकार ओळखणारी किट वापरली जातात.

पण लॅबमध्ये ज्या रक्तावर आधी बरीच प्रक्रिया करावी लागते, तेच रक्त इथे जसंच्या तसं पट्टीवर कसं चालतं?

बोटातल्या रक्ताची अडचण काय?

लॅबमध्ये बऱ्याच तपासण्यांसाठी रक्ताची नळी आधी सेंट्रीफ्यूजमध्ये जोरात फिरवली जाते. जड तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर द्रव उरतो. यालाच प्लाझ्मा म्हणतात (रक्त गोठू दिलं असेल तर सिरम). तपासणी होते ती या पिवळ्या द्रवाची.

बोटातल्या थेंबात मात्र सगळं एकत्र असतं. प्रौढ माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४० ते ५० लाख तांबड्या पेशी असतात. मलेरियाच्या किटला बहुधा ५ मायक्रोलिटर रक्त लागतं, म्हणजे मोहरीच्या मोठ्या दाण्याएवढा थेंब. त्यातही दोन ते अडीच कोटी पेशी झाल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार चांगल्या किटला मायक्रोलिटरमागे २०० परजीवी असले तरी ते ओळखता यायला हवेत. थोडक्यात, दोन कोटींच्या गर्दीत हजारेक परजीवी शोधायचे आहेत.

ही गर्दी पट्टीची बारीक छिद्रं तुंबवते आणि द्रवाचा वेग कमी करते. त्याहून मोठी अडचण रंगाची. पट्टीवर उमटणारी रेघ लाल असते आणि तांबड्या पेशी फुटल्या की बाहेर येणारं हिमोग्लोबिनही लालच. मागची पट्टी लाल राहिली तर फिकट रेघ दिसणार कशी?

हा प्रश्न नवा नाही. १९६० च्या दशकात रक्तातली साखर मोजणारी डेक्स्ट्रॉस्टिक्स नावाची पट्टी आली. तिच्यावर रक्ताचा थेंब टाकून एक मिनिट थांबायचं, मग पट्टी पाण्याने धुऊन रंग बघायचा, अशी रीत होती. रक्त अडथळा ठरतंय तर धुऊनच टाका! उपाय साधा होता, पण घड्याळाकडे डोळे लावून बसावं लागायचं.

पट्टीच्या आत काय असतं?

प्लॅस्टिकचं कव्हर उघडलं तर एकापुढे एक जोडलेले चार तुकडे दिसतात. पहिल्यावर नमुना पडतो. दुसऱ्यात सोन्याचे अतिसूक्ष्म कण वाळवून ठेवलेले असतात आणि त्यांना प्रतिपिंडं (अँटिबॉडी) चिकटवलेली असतात. हो, खरंखुरं सोनं. इतक्या बारीक आकारात ते पिवळं नाही, लाल दिसतं. तिसरा तुकडा नायट्रोसेल्युलोजचा, त्यावर टेस्ट आणि कंट्रोल अशा अदृश्य रेघा आधीच आखलेल्या असतात. शेवटचा तुकडा टिपकागदासारखा, सगळा द्रव स्वतःकडे ओढणारा.

रक्तात मलेरियाच्या परजीवीचं प्रथिन असेल तर ते सोन्याच्या कणांना चिकटतं, त्यांच्यासोबत पुढे सरकतं आणि टेस्टच्या रेघेवर अडकतं. हजारो कण एका जागी जमले की रेघ डोळ्यांना दिसते.

पेशी अडवायच्या की फोडायच्या?

रक्तावर थेट चालणारी पट्टी बनवताना खरा निर्णय हा आहे आणि तो रोगानुसार बदलतो.

एचआयव्हीच्या चाचणीत शोधायची असतात ती प्लाझ्मात तरंगणारी प्रतिपिंडं. तिथे तांबड्या पेशींचं काहीच काम नाही, त्यांना दाराशीच अडवलेलं बरं. पण साधी चाळणी लावून भागत नाही. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची असली तरी कमालीची लवचिक असते. शरीरात ती स्वतःपेक्षा अरुंद केशवाहिन्यांमधून दुमडून निघते, चाळणीतूनही निघू पाहते. म्हणून काचतंतूंचे जाड पॅड वापरतात. त्यांच्या गुंत्यात पेशी हळूहळू अडकत जातात. काही पडद्यांची छिद्रं वरच्या बाजूला मोठी आणि खाली बारीक होत गेलेली असतात. काही ठिकाणी पॅडमध्ये पेशींना एकमेकींशी चिकटवणारी द्रव्यं घालतात, म्हणजे त्यांचे गठ्ठे होतात आणि गठ्ठे सहज अडतात. यात फायद्यासोबत तोटाही आहे. पॅड जाड केला तर थोडासा प्लाझ्माही त्यातच मुरतो आणि पुढे जायला काही उरत नाही. फार चिंचोळा केला तर पेशी फुटून सगळी पट्टी लाल होते.

मलेरियात गणित उलटं. परजीवी राहतो तांबड्या पेशीच्या आतच, त्यामुळे त्याच्या प्रथिनांचा मोठा वाटा पेशीत कोंडलेला असतो. पेशी अडवल्या तर पुरावाही दाराबाहेर राहील. म्हणून इथे बफरमध्ये डिटर्जंटसारखं द्रव्य घालून पेशी मुद्दाम फोडतात. प्रथिन मोकळं होतं, पण हिमोग्लोबिनचा लोंढाही सुटतो. तो वाहून नेऊन पट्टी पुन्हा पांढरी करण्याचं कामही त्याच बफरचं. रेघ दिसण्याइतकी पट्टी स्वच्छ व्हायलाही वेळ लागतो, घाईने पाहिलं तर फिकट रेघ निसटते.

मग बफर संपला तर पाणी चालेल का?

नाही. आणि ही नुसती कंपनीची औपचारिकता नाही. मलेरिया नसलेल्या रक्तावर बफरऐवजी डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइन टाकून पाहिलं गेलं, तेव्हा काही किटमध्ये टेस्टची रेघ उमटली. म्हणजे नसलेला मलेरिया दिसला. बफरमधलं क्षारांचं प्रमाण आणि आम्लता बिघडली की सोन्याचे कण नको तिथे चिकटतात. दुसऱ्या कंपनीच्या किटमधला बफरही म्हणूनच चालत नाही.

दुसरा मोठा गैरसमज कंट्रोलच्या रेघेबद्दल. ती उमटली म्हणजे तपासणी बरोबर झाली, असं समजलं जातं. प्रत्यक्षात ती सांगते एवढंच, की द्रव तिथवर पोहोचला आणि सोन्याचे कण हलले. मलेरियाच्या किटमध्ये रक्त न टाकता नुसता बफर टाकला तरी कंट्रोलची रेघ सहसा येते. थेंब कमी पडला हे ती सांगत नाही. त्यामुळे रक्त उचलायच्या साधनालाही महत्त्व आहे. पिपेट, वायरची कडी, स्ट्रॉ, छोटा उलटा कप अशी साधनं नायजेरिया, फिलिपाइन्स आणि युगांडातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना देऊन तुलना झाली, त्यात उलटा कप सरस ठरला. रक्त बुडबुड्याशिवाय उचललं जातं आणि मापही जवळपास बरोबर पडतं. शिवाय बोटातलं रक्त काही मिनिटांत गोठू लागतं, तेव्हा जे काही करायचं ते झटपट.

रक्त पातळ असेल तर?

‘आहे की नाही’ एवढंच सांगणाऱ्या पट्टीला थेंबातला प्लाझ्मा थोडा कमी-जास्त झाला तरी बहुतेकदा फरक पडत नाही. आकडा सांगणाऱ्या पट्टीला पडतो. तांबड्या पेशींचं प्रमाण ४५ टक्के असेल तर थेंबात ५५ टक्के प्लाझ्मा, तेच २५ टक्क्यांवर आलं तर ७५ टक्के. घरच्या ग्लुकोमीटरवर ॲनिमिया असलेल्या व्यक्तीची साखर म्हणूनच खरी आहे त्याहून जास्त दिसू शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना ॲनिमिया आहे, त्यामुळे ही बाब किरकोळ नाही. अलीकडचे काही मीटर पेशींचं प्रमाणही मोजून आकडा दुरुस्त करतात, पण सगळे नाही. मीटर कोणत्या मर्यादेत चालतो, ते पट्ट्यांच्या डबीतल्या माहितीपत्रकात ‘हिमॅटोक्रिट’ या शब्दापुढे छापलेलं असतं.

उन्हाचाही संबंध आहे. मलेरियाच्या बऱ्याच किटच्या वेष्टनावर ३० किंवा ४० अंश सेल्सिअसची वरची मर्यादा लिहिलेली असते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहूनही वर. उष्णतेने प्रतिपिंडं हळूहळू निकामी होतात. अशा पट्टीवर कंट्रोलची रेघ दिसते, टेस्टची मात्र फिकट पडते किंवा येतच नाही. म्हणून ताप आणि लक्षणं मलेरियाची असतील आणि पट्टी कोरी आली, तर रक्ताचा नमुना काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासायला पाठवतात.