तांब्याची पेनी : संग्रहमूल्य

ग्रेट ब्रिटनमध्ये १७९७ ते १८६० या काळात तांब्यात पाडलेले एक पेनी मूल्याचे नाणे. इंग्लंडमध्ये आठव्या शतकापासून प्रचलित असलेली पेनी मुळात चांदीची होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे सुट्या नाण्यांची टंचाई निर्माण होऊन खोट्या अर्धपेन्यांचा सुळसुळाट झाला. त्यावर उपाय म्हणून बर्मिंगहॅमचा कारखानदार मॅथ्यू बोल्टन (१७२८–१८०९) याच्याकडे तांब्याची नाणी पाडण्याचे काम सोपविण्यात आले. त्याच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्राने पाडलेली १७९७ ची पेनी एक औंस (सु. २८ ग्रॅ.) वजनाची व सु. ३६ मिमी. व्यासाची होती. नाण्यातील तांब्याची किंमत दर्शनी मूल्याच्या जवळपास असावी, हा या वजनामागील हेतू होय. रुंद व उंच कडेमुळे तिला ‘गाडीचे चाक’ असे टोपणनाव मिळाले. याच टांकसाळीतून ईस्ट इंडिया कंपनीने मुंबई इलाख्यासाठी १७९१ साली तांब्याची नाणी पाडून घेतली होती. पुढे १८०६ मध्ये पेनीचे वजन घटविण्यात आले आणि १८६० मध्ये तांब्याची जागा ब्राँझने घेतली.

नाणे जुने म्हणून मौल्यवान, हा समज सर्वसामान्यांत रूढ आहे. तो बरोबर नाही. १७९७ ची पेनी दोनशे वर्षांहून जुनी असली, तरी ती विपुल प्रमाणात पाडली गेल्याने तिची झिजलेली प्रत आजही अल्प किंमतीत मिळते. याउलट १८६० ची तांब्याची पेनी दुर्मिळ समजली जाते. कारण त्याच वर्षी धातू बदलल्याने ती थोडीच पाडली गेली. साठा अचानक उपलब्ध झाल्यासही मूल्य घटते. मद्रास इलाख्यासाठी सोहो येथे पाडलेली कंपनीची तांब्याची नाणी घेऊन निघालेले ‘ॲडमिरल गार्डनर’ हे जहाज १८०९ च्या जानेवारीत इंग्लंडच्या किनाऱ्यालगत बुडाले. १९८० नंतरच्या दशकात त्यातील नाणी लाखोंच्या संख्येने बाहेर काढण्यात आली व संग्राहकांना ती सुलभ झाली.

दुर्मिळतेइतकेच महत्त्व नाण्याच्या स्थितीस आहे. तांबे मऊ असल्याने वापरात लवकर झिजते व दमट हवेत त्यावर जंगाल चढतो. त्यामुळे टांकसाळीतील मूळ तांबूस झळाळी टिकून राहिलेल्या प्रतीला त्याच वर्षाच्या झिजलेल्या प्रतीच्या कितीतरी पट किंमत येते. कालांतराने चढलेला एकसारखा तपकिरी थर हा दोष नसून तो धातूचे संरक्षण करतो. घरातील तांब्याच्या भांड्यांप्रमाणे चिंच, लिंबू वा राख लावून नाणे घासल्यास हा थर व त्याबरोबर ठशातील बारकावे नाहीसे होतात. अशा नाण्याचे मूल्य बव्हंशी नष्ट होते आणि ते परत मिळविता येत नाही.

अस्सलपणा हा तिसरा निकष होय. १७९७ च्या पेनीची नक्कल तत्कालीन खोटी नाणी पाडणाऱ्यांनीही केली होती. म्हणून वजन, व्यास व कडेवरील अक्षरांची ठेवण तपासूनच निर्णय करावा लागतो. बाजारभाव मागणीनुसार चढतो-उतरतो. परंतु तत्कालीन धातुव्यवहार, यंत्रविद्या व सामान्य जनांची देवघेव यांचा पुरावा म्हणून झिजलेल्या पेनीलाही नाणकशास्त्रात मोल आहे.