आजी कशाने गेली?

‘आजी किडनीच्या दुखण्याने गेली’, याहून अधिक आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक विकार आई किंवा वडिलांना असेल, तर नेहमीच्या प्रकारात प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के.

१९८५ साली ऑक्सफर्डच्या संशोधकांना त्याचा माग सोळाव्या गुणसूत्रावर लागला. जनुक हाती नव्हते, म्हणून चाचणीला आजारी-निरोगी अशा अनेक नातेवाइकांचे रक्त लागे. १९९४ मध्ये एका पोर्तुगीज कुटुंबामुळे ते जनुक सापडले. १९९६ मध्ये चौथ्या गुणसूत्रावरचे दुसरे. आता एकाच्याच रक्तावर चाचणी होते. तरी निष्कर्षाचा अर्थ लावायला घराण्याची हकिगत लागतेच.

आपल्या नॉर्थ कॅरोलायनाने १९७५ सालीच सिकल सेलच्या वाहकांना नोकरी नाकारण्यास बंदी केली. २००८ च्या संघीय कायद्याने आरोग्यविमा व नोकरीत संरक्षण दिले, आयुर्विम्यात नाही. चाचणीआधी त्याचा विचार व्हावा.

आम्ही रसायनशास्त्राचे, डॉक्टर नव्हे. पण भाऊ बहिणीला किडनी देऊ पाहतो, तेव्हा लपवाछपवी महागात पडते. रविवारी घरी फोन कराल, तेव्हा एवढे विचारून लिहून ठेवा.