विजापूरची दगडातील अक्षरे

चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मी नाहीच म्हणत होते. सातवीपर्यंत शिकलेल्या बाईने इतिहासावर काय लिहावे? पण मंडळाच्या सहलीत विजापूरला जे पाहिले ते मनातून जाईना, म्हणून लिहिते.

गोल घुमट पाहून आम्ही इब्राहिम रोजा पाहावयास गेलो. १५८० ते १६२७ पर्यंत राज्य करणाऱ्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची कबर येथे आहे. भिंतीवरची वेलबुट्टी किती नाजूक, असे मी म्हणाले, तेव्हा तेथील म्हातारा रखवालदार हसला. म्हणाला, बाई, ही वेल नव्हे, कुराणातली वचने आहेत. ते ऐकून आमच्यातल्या एक वहिनी मागे सरल्या. खोटे कशाला सांगू, माझेही पाऊल अडखळले.

मग एका खिडकीपाशी आलो. तिची दगडी जाळी म्हणजे नुसती अरबी अक्षरे! एकमेकांत गुंतलेली अक्षरे दगडाची आणि त्यांच्यामधल्या फटींतून उजेड आत येतो. छिन्नी जरा चुकली की अक्षर गेले. पुसून पुन्हा लिहायला ती काही पाटी नव्हे.

निरखून पाहता प्रत्येक रेघ कोठे जाड, कोठे बारीक दिसली. तशी रेघ मी घरी पाहिली होती. माझे आजोबा बोरूने लिहीत. बोरूचे टोक तिरपे कापले की हात वळेल तशी रेघ जाड-बारीक होते. अरबी लिहिणाऱ्यांची लेखणीही बोरूचीच. तिला ते कलम म्हणतात, आणि आपणही म्हणतोच की! दौत, शाई, कागद हे शब्द तिकडूनच आपल्या घरात आले. चिटणीसातला 'नीस'सुद्धा फारसी 'नवीस', म्हणजे लिहिणारा. आमच्या चिटणीसबाईंना हे अजून खरे वाटत नाही.

घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणली. बगदादचा वजीर इब्न मुक्ला (मृत्यू ९४०) याने अक्षरांना माप घालून दिले. कलम टेकवून उमटणारा ठिपका हेच ते माप. उभी रेघ किती ठिपक्यांची, त्यावरून बाकीच्या अक्षरांची वळणे ठरायची. रांगोळीला आपण आधी ठिपके मांडतो, तसेच नाही का? राजकारणात बिचाऱ्याचा उजवा हात तोडला गेला. त्या थोट्या हाताला कलम बांधून तो लिहीत असे, अशी कथा सांगतात.

इब्राहिमशहाला गाण्याचे वेड होते. त्याने दखनी भाषेत 'किताब-ए-नवरस' हा गीतांचा ग्रंथ रचला. त्यात गणपतीचे आणि सरस्वतीचे स्तवन आहे! इराणहून आलेल्या खलीलुल्ला नावाच्या लेखकाने तो ग्रंथ सुंदर अक्षरात उतरवून दिला, तेव्हा राजाने त्याला 'कलमेचा बादशहा' असा किताब दिला. म्हणजे आपल्या शारदेचे स्तवन एका इराणी माणसाने फारसी वळणाच्या अक्षरात, जीव ओतून लिहिले. हे वाचले आणि त्या दिवशी अडखळलेल्या पावलाची मला लाज वाटली.

पुढच्या सभेत मी हे सांगितले, तेव्हा त्याच वहिनींनी मला बोरू आणून दिला. त्यांचे पहिले अक्षर अलिफ, म्हणजे नुसती उभी रेघ. सोपी असेल म्हणून काढायला बसले. अर्धी वही भरली, अजून एकही मनासारखी आलेली नाही.