घाटावरचे पाणी आणि मुंबईचे माळे

गेल्या पावसाळ्यात शाळेची मुले घेऊन मी लोणावळ्याजवळ वळवणच्या धरणावर गेलो होतो. एका चिमुरड्याने विचारले, "गुरुजी, हे पाणी मुंबईला प्यायला जाते का?" मी म्हणालो, "प्यायला नाही रे, चढायला!" मुले हसली. पण हे उत्तर अगदीच थट्टेचे नव्हते.

८ फेब्रुवारी १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांनी लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत कंपनीची कोनशिला बसवली. कल्पना जमशेटजींची, ते मात्र १९०४ सालीच निवर्तले होते. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे घाटमाथ्यावरचा पाऊस अडवायचा, नळांतून सतराशे फुटांहून अधिक खाली खोपोलीस सोडायचा, तेथे यंत्रे फिरवायची आणि निघालेली वीज तारांवरून मुंबईला न्यायची! १९१५ साली ही वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली. पुढे त्या शहरातील घरांचे दिवे आणि लिफ्टही तिच्यावर चालू लागल्या.

फुकट काही मिळत नसते. मुळशीला धरण घालायचे ठरले तेव्हा आंबेमोहोर पिकवणारी खाचरे पाण्याखाली जाणार होती. १९२१ च्या रामनवमीस मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले, तुरुंगात गेले. धरण व्हायचे ते झालेच.

आता त्या गिरण्यांचे पाहा. १९८२ च्या संपानंतर एकेक भोंगा मुका होत गेला आणि धंद्यापेक्षा धंद्याखालची जमीन महाग ठरली. १९८० साली स्थापन झालेल्या लोढा या बांधकाम कंपनीने लोअर परळला श्रीनिवास मिलच्या जागेवर 'वर्ल्ड वन' हा सुमारे २८० मीटर उंचीचा मनोरा उभा केला. जेथे साचे खडखडत, तेथे आता लिफ्ट सळसळत वर जाते.

आणि गंमत अशी, की २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर ही उंची घाट चढून मावळात आली. गहुंजे येथे पवनेच्या काठी त्याच कंपनीची उंच इमारतींची वसाहत आहे. पूर्वी मुंबईकर चिक्की घेऊन परत जात असे. आता किल्ली घेऊन जातो.

जमीन विकणाऱ्याला मी नावे ठेवणार नाही. भाताने पोट भरते, पण मुलीचे लग्न निघत नाही. माझा एक जुना विद्यार्थी तळेगावच्या बाजूला अशाच एका इमारतीत लिफ्टच्या देखभालीवर आहे. परवा त्याने मला आग्रहाने गच्चीवर नेले. वरून सारा मावळ दिसत होता. त्याने खाली पोहण्याच्या निळ्या तलावाकडे बोट केले.

"गुरुजी, आमचे वरचे खाचर ते. पाणी तिथे पहिल्यापासून ठरायचे."

मग खाली कुणी तरी घंटी दाबली, आणि तो घाईने लिफ्टकडे गेला.