नेत्रहीनाची संगणकसाधना

सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी जबलपूरच्या मराठी कुटुंबांना आम्ही पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांचा परिचय करून देऊ इच्छितो. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली; तथापि पुणे विद्यापीठात गणित व मुंबईच्या आय.आय.टी.त संगणकशास्त्र त्यांनी अभ्यासले. गणिती मजकूर वाचून दाखविणारी प्रणाली सिद्ध करून १९९४ साली त्यांनी अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट संपादन केली. संगणकाला बोलते करणारी त्यांची ‘ईमॅकस्पीक’ प्रणाली सर्वांस विनामूल्य खुली आहे. पुढे २००५ साली ते गूगलमध्ये रुजू झाले.

अंध मुलाच्या उपजीविकेची चिंता आपल्या घरांना आजही ग्रासते. अशा मुलाच्या हाती ब्रेल व बोलका संगणक वेळेवर पडावा, एवढे कार्य मंडळाने पुढील वाटचालीत अवश्य अंगीकारावे.