तबकडीचे शुद्धीकरण आणि इतिहासाचा पुरावा

अब्दुल करीमखाँ यांच्या १९०५ च्या ध्वनिमुद्रिका विजेवाचून, कर्ण्यातून घेतलेल्या. १९३५ च्या सुमारास घेतलेल्या मायक्रोफोनच्या. आज संगणकावर त्यांची खरखर काढताना कोणते प्लगइन ‘पारदर्शक’ समजावे? जाहिरातीवरून हे ठरत नाही. मूळ व संस्कारित प्रतींची वेळ आणि पातळी जुळवून एकीतून दुसरी वजा करावी व शेष ऐकावा. त्यात केवळ खरखर असेल तर ठीक; तंबोऱ्याची जवारी किंवा ‘स’, ‘श’ उमटले, तर साधनाने पुरावाच खाल्ला म्हणावयाचे! जवारीचे वरचे स्वरांश खरखरीच्याच कंपनपट्ट्यात असतात, म्हणून हा धोका अटळ आहे. शिवाय १९४८ साली नागपूर आकाशवाणी सुरू झाली, तेव्हाही तबकडी खरखरीसहच ऐकली जाई. तेव्हा अभ्यासकाने असंस्कारित प्रतच आधारभूत मानावी. संस्कारित प्रत श्रवणसुखापुरती.